हातभर अंतरावरून

"आधीच्याला काय विचारलंत ते सांगू का, साहेब?" फिटर स्टुलावर बसता बसता म्हणाला. "आठ-म-तीन. मग पाच-ल-दोन. ते त्याचं चुकलं, म्हणून तुम्ही परत पाच-ल-दोन."

मी कानात बघायच्या दुर्बिणीचं टोक स्पिरिटच्या बोळ्यानं पुसत होतो. पुसतच राहिलो. फिटर म्हणजे टक्कल पडलेला, पोट सुटलेला, गमत्या माणूस. दर वर्षी तपासणीला येताना एखादा विनोद खिशात घालून आणायचा आणि मीही त्याच्यासाठी अर्धं हसू राखून ठेवलेलं असायचं. या वेळी ते बाहेरच येईना. "बाहेर ऐकू आलं?" मी विचारलं. "बाहेर? साहेब, बाकाच्या पार त्या टोकाला, पाण्याच्या नळापाशी. दार लावलेलं असलं तरी. तुमच्या दिवशी एवढी गर्दी होते ती काय उगीच? बाईंच्या दिवशी बाकावर काळं कुत्रं नसतं. बाई कुजबुजतात की नुसता श्वास सोडतात, कळायला मार्ग नाही. तुमचं कसं, एकदम मोकळं काम." तो हसला. मग माझा चेहरा बघून थोडं कमी हसला.

तो बोलत असताना मी त्याच्या ओठांकडे बघत होतो. हे मला त्याच क्षणी कळलं. समोरचा बोलायला लागला की मी हल्ली नेहमी ओठांकडे बघतो आणि त्याला मी मनात एकाग्रता असं नाव दिलेलं होतं. कारखान्याच्या दवाखान्यात अठ्ठावीस वर्षं कामगारांचे कान तपासणारा मी डॉक्टर. मला स्वतःबद्दल अशी नावं चटकन सुचतात. मंगळवार आणि शुक्रवार माझे, उरलेले दिवस बाईंचे. बाई म्हणजे तीन वर्षांपूर्वी आलेली, माझ्या निम्म्या वयाची डॉक्टर. तिच्या दिवशी बाक रिकामं आणि माझ्या दिवशी रांग दारापर्यंत, याचा अर्थ मी माझ्यापुरता लावून टाकलेला होता. अनुभव, विश्वास, म्हाताऱ्या हाताचा गुण वगैरे. एकदा तर मी तिला समजावलंही होतं की बाई, नुसतं शिकून भागत नाही, माणसांना आपलंसं करावं लागतं. ती मान खाली घालून ऐकत होती. आता वाटतं, हसू दाबत होती. किंवा हसू दाबत नसेल तर त्याहून वाईट, तिला माझी कीव येत असेल.

कुजबुजीची तपासणी आमच्या धंद्यात सगळ्यात जुनी आणि सगळ्यात स्वस्त. माणसाला भिंतीकडे तोंड करून बसवायचं. आपण त्याच्या मागे हातभर अंतरावर उभं राहायचं, म्हणजे त्याला आपले ओठ दिसत नाहीत. जो कान तपासायचा नाही त्याच्या तोंडाशी असलेला मऊ कोंब बोटानं दाबून घोळवायचा. मग पूर्ण श्वास सोडायचा आणि छातीत जो उरलासुरला वारा असतो तेवढ्यावर एक आकडा, एक अक्षर, एक आकडा कुजबुजायचा. असं दर कानाला तीनदा. त्यानं ते परत म्हणून दाखवलं की कान ठीक. नाही म्हटला तर त्याला काचेच्या खोलीत यंत्रावर बसवायचं. पास झाला त्याला खोलीत बसवायचं नाही, हा आमच्याकडचा नियम, वेळ वाचावा म्हणून कुणीतरी कधीतरी केलेला आणि मी आनंदानं पाळलेला. मग तोल. पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहा. फरशीवरच्या पिवळ्या रेघेवरून टाचेला अंगठा लावत चाला. डोळे मिटूनच जागच्या जागी पन्नास पावलं टाका. सहा मिनिटांत एक माणूस. माझे गुरू काठीसारखे सरळ आणि काठीइतकेच प्रेमळ होते. ते म्हणायचे, कुजबुज ही तुमची सही आहे, ती रोज सारखीच आली पाहिजे. आणि म्हणायचे, यंत्र नसेल तेव्हा आपला कान हीच आपली फूटपट्टी. फूटपट्टी आखडली तर सगळ्या जगाचं कापड लांब भरायला लागतं, आणि दुकानदाराला वाटतं, काय बरकत आहे! म्हणून दर वर्षी हाताखालच्या माणसाकडून आपला कान तपासून घ्यायचा. मी पहिली सात वर्षं घेतला. मग मी वरिष्ठ झालो, आणि वरिष्ठ माणसानं हाताखालच्याकडे पाठ करून भिंतीकडे बघत बसणं बरं दिसेना.

फिटरच्या मागे उभा राहिलो. श्वास सोडला. सहा-प-चार म्हणायचं ठरवलं आणि म्हणता येईना. रस्त्यावरून जाताना कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं कळलं की पाय कसे टाकायचे तेच विसरायला होतं, तसं झालं. माझी कुजबुज केवढी आहे हे मला कळत नव्हतं. घशात ती जाणवत होती, दातांच्या मागे जाणवत होती, पण कानापर्यंत पोचत नव्हती. आणि ती पोचावी एवढ्यासाठी मी कित्येक महिने तिला थोडी थोडी वर ढकलत आलो असणार, गडूळ पाण्यात तळ दिसावा म्हणून आपण नकळत वाकत जातो तसा. शेवटी कसंबसं म्हटलं. "सहा-प-चार," फिटर खणखणीत म्हणाला. सहाच्या सहा बरोबर. त्याचं कार्ड समोर होतं आणि सही करायची होती. मी म्हटलं, कार्ड मागाहून पाठवतो. "रागावलात काय साहेब?" तो दारात थांबला. "मी आपली चेष्टा केली." मी हात हलवला. तो गेल्यावर दार लागल्याचा आवाज आला नाही. लागलं मात्र होतं.

सिस्टर एकोणीस वर्षं माझ्याबरोबर आहेत. त्यांना हाक मारून मी स्टुलावर बसवलं आणि काही न बोलता सगळ्यात वरच्या सुराचा ट्यूनिंग फोर्क गुडघ्यावर आपटून माझ्या कानाशी धरला. तो ऐकू आला, बारीक झाला, संपला. संपल्याबरोबर तो त्यांच्या कानाशी नेला. "येतोय," त्या म्हणाल्या. मी मनात मोजायला लागलो. पाच. "अजून येतोय." आठ. नऊ. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, खिडकीकडे बघत होत्या. "अजून येतोय." चौदाला त्यांनी बोट खाली केलं. दुसरा कान. सोळा. मी फोर्क ट्रेमध्ये ठेवला. "तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं. त्यांनी पदराशी चाळा केला. "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. मागे एकदा म्हटलं होतं मी, की साहेब, जरा मोठ्यानं होतंय. तुम्ही म्हणालात, सिस्टर, तुम्ही इंजेक्शनं द्या." मला तसं म्हटल्याचं आठवत नव्हतं. पण ते वाक्य माझंच होतं, त्याची शिलाई माझ्याच शिंप्याची होती.

बायकोचा आवाज बसलाय, हे मी घरात दोन वर्षांपूर्वी जाहीर केलं. ती जेवायला वाढताना काहीतरी म्हणायची आणि मी "काय?" म्हणायचो, ती परत म्हणायची आणि मी परत "काय?" म्हणायचो, आणि तिसऱ्या वेळी माझ्या आवाजात ती ठिणगी यायची जी नवऱ्यांना सहज मिळते. पुटपुटू नकोस. तोंड उघडून बोल. घास तोंडात ठेवून बोलतेस. मी नुसता चिडलो असतो तर गोष्ट निराळी, पण मी डॉक्टर आहे. मी तिला माझ्या ओळखीच्या घशाच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्यानं तिच्या घशात नळी घालून बघितलं आणि सगळं छान आहे म्हणून सांगितलं. ती घरी आली, घसा खरवडल्यामुळे दोन दिवस पातळ भातावर राहिली, आणि मी म्हटलं, मग सवयीनं होतंय, सवय सोड. तिनं सोडली. आधी जेवताना बोलायचं सोडलं, मग पाठमोरी असताना, मग दुसऱ्या खोलीतून. हल्ली काही सांगायचं असेल तर ती येऊन माझ्या समोर उभी राहते, मी बघेपर्यंत थांबते आणि थोडक्यात सांगते. दूध संपलंय. मुलीचा फोन होता. आणि मी, चारचौघांत, परवाच, एका मित्राला म्हणालो की वय वाढलं तसं आमचं घर किती शांत झालंय बघ. ती तिथेच बसली होती. मला वाटलं, ती हसली. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो दिव्याला दिसत नाही एवढं एक त्याचं सुख असतं. मला फार लाज वाटली. ट्रेमधल्या फोर्ककडे बघत मी लाजत बसलो होतो, आणि या लाजेच्या मागे दुसरं काहीतरी उभं आहे, हातभर अंतरावर, हे मला माहीत होतं. मी मागे वळून बघत नव्हतो.

हुकवाला. त्याला सगळे हुकवालाच म्हणतात. मोठ्या शेडमध्ये क्रेनखाली उभा राहून लोखंडी पत्र्यांच्या गठ्ठ्यांना साखळी लावायची आणि हुक अडकवायचा हे त्याचं काम. वर क्रेनवाला, खाली हा, दोघांची वीस वर्षांची जोडी. गठ्ठा उचलायच्या आणि हलवायच्या आधी क्रेनवाला तीनदा घंटा वाजवतो आणि खालच्यानं बाजूला व्हायचं असतं. पाच महिन्यांपूर्वी घंटा वाजली, शेडमधल्या इतर सगळ्यांनी ती ऐकली, हुकवाला पाठमोरा उभाच राहिला. गठ्ठा झुलून त्याच्या पायावर आला. उजवा पाय मांडीच्या मधोमध कापावा लागला. चौकशी झाली तेव्हा लांबट टेबलामागे तिघं बसले होते आणि हा चाकाच्या खुर्चीत होता. तो एकच सांगत होता, घंटा वाजलीच नाही. क्रेनवाला रडत होता, वाजवली रे, तुझ्या गळ्याची शपथ, तीनदा वाजवली. हा म्हणाला, खोटं बोलतोस, माझा पाय खाऊन वर खोटं बोलतोस, तुझ्या पोरांचं वाटोळं होईल. मग टेबलामागच्या मधल्यानं मला विचारलं, याला ऐकू येत होतं का? त्याच्या अपघाताआधी तीन महिने मीच त्याची तपासणी केली होती, कार्ड हातात होतं. माझ्या तपासणीप्रमाणे त्याचं ऐकणं ठीक होतं, एवढं म्हणून मला बसता आलं असतं. मी म्हणालो, "उत्तम होतं. आणि तोलही उत्तम." तो 'उत्तम' माझ्या पदरचा. कार्डावर नव्हता. ऐकणं उत्तम, घंटा वाजलेली, म्हणजे माणूस निष्काळजी, आणि वर खोटारडा. कुणीतरी हळूच असंही म्हटलं की घेतलेली असेल. शेडच्या दारातल्या फळ्यावर आजही त्याच्या अपघाताची हकिगत लावलेली आहे. मथळा, निष्काळजीपणा. नव्या माणसाला कामावर घेतलं की आधी ती वाचायला लावतात.

आणि हे सगळं एवढंच असतं तर मी स्वतःला काहीतरी समजावलं असतं. पण त्या तपासणीच्या दिवशी, सहाच्या सहा बरोबर सांगून झाल्यावर, हुकवाला स्टुलावरून उठला नव्हता. टोपी हातात फिरवत म्हणाला होता, "साहेब, डाव्या कानात हल्ली सारखी शिट्टी वाजते. एकदा काचेच्या खोलीत बसवाल का?" पास झालेला माणूस आणखी तपासणी मागतो हे मी पहिल्यांदाच बघत होतो. बाहेर रांग होती. मी म्हणालो, "पास झालेल्या पोरानं परत पेपर मागू नये." तो हसला. मोठ्या माणसानं विनोद केला की हसायचं असतं, म्हणून हसला, आणि टोपी घालून गेला.

जेवणाच्या सुट्टीत मी सिस्टरना म्हटलं, मला खोलीत बसवा. काचेच्या खोलीत बसलेल्या शेकडो माणसांच्या माना मी बाहेरून बघितल्या होत्या. आतून पहिल्यांदाच बघत होतो. दार लागलं आणि माझ्याच रक्ताचा आवाज तेवढा उरला. सिस्टर काचेपलीकडे बसल्या. त्यांचा दंड हलला की त्यांनी कळ दाबली हे दिसत होतं. सूर ऐकू आला की दाबायचं बटण माझ्या हातात होतं, पण ते दाबायला मला काही ऐकायची गरज नव्हती. खोटं आजारी पडणाऱ्यांच्या सगळ्या युक्त्या मी ओळखतो, खोटं बरं असणाऱ्याची ही एक मला कुणी शिकवायला नको होती. पहिले चार सूर मी खरे ऐकले. पाचव्याला दंड हलला, कानात काही नव्हतं, आणि माझा अंगठा बटणावर होता. दाबला असता तर कागदावर सरळ रेघ आली असती. दीड वर्षात मी निवृत्त होणार. मी डोळे मिटले. धैर्य म्हणून नव्हे. मला तो दंड बघवेना. मग बराच वेळ काहीच झालं नाही. शिट्टी नाही, सूर नाही, नुसती आतली गुणगुण, आणि मी शाळेतल्या मुलासारखा आता येईल, मग येईल म्हणून बसलेलो. दार उघडून सिस्टरनी खांद्याला हात लावला तेव्हा मी दचकलो. त्यांनी कागद दिला. रेघ निम्म्यापर्यंत माणसासारखी चालत आली होती आणि तिथून खाली घसरत गेली होती, दोन्ही कानांची, जुळ्या बहिणींसारखी. "तारीख घालू?" त्यांनी विचारलं. मला त्यांच्या विचारण्याचा अर्थ कळला, निदान मी तसा लावला. आजची तारीख घातली तर आजपासून. मागचं कोण सांगणार? दोन-अडीच वर्षांतली कुजबुज काही हवेतून परत गोळा करता येत नाही. बाकावरचे हसणारे बोलणार नाहीत, कारण तेही पास झालेले. "घाला," मी म्हणालो आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली.

त्यानंतर दुपारभर मी एकालाही कुजबुजीवर पास केलं नाही. कुजबुज सोडली आणि प्रत्येकाला यंत्रावर बसवलं, आणि बाहेर कुरकुर सुरू झाली असणार, कारण दार उघडलं की सगळे गप्प व्हायचे. एकजण रेघेवरून चालताना डगमगला. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी त्याला म्हटलं असतं, काल जागरण झालं वाटतं. आज त्याला बाजूला बसवून ठेवलं आणि त्याच्या डोळ्यांत जे दिसलं त्याला नाव भीती. त्याच्या घरी कोण कोण आहे ते विचारायचं धाडस मला झालं नाही. एखादा माणूस नापास केला की तो उपाशी राहतो आणि पास केला की गठ्ठ्याखाली जातो, हे वजन इतकी वर्षं माझ्या हातात होतं आणि मी ते सहा मिनिटांत उचलून ठेवत होतो.

संध्याकाळी, उजेड होता तेव्हाच, मी हुकवाल्याच्या घरी निघालो. पत्ता कार्डावर होता. रस्त्यात एक सायकलवाला माझ्या इतक्या जवळून गेला की त्याचं हँडल बाहीला लागलं. पुढे जाऊन त्यानं मान वळवली आणि शिवी दिली, ओठांवरून ती मला स्वच्छ ऐकू आली. घंटा त्यानं वाजवली असणारच. मी फुटपाथच्या आतल्या बाजूनं, भिंतीला धरून चालायला लागलो. जमीन पायाखाली होती आणि तरी मधूनच नसल्यासारखी वाटत होती, जिन्याची शेवटची पायरी संपलेली असते आणि पाय आणखी एक शोधतो तशी. मला परत फिरायचं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. दोनदा थांबलो. एकदा औषधाच्या दुकानाबाहेर, एकदा त्याच्या दारातच.

दार त्याच्या बायकोनं उघडलं. हाडकुळी, बाह्या वर सारलेली बाई. मला तिनं ओळखलं. चौकशीच्या दिवशी ती भिंतीशी उभी होती. "आता काय राहिलंय?" ती म्हणाली, आणि बाजूला झाली. आत दोन खोल्या, पुढच्या खोलीत खाट, खाटेवर तो उशीला टेकून, पांघरुणाखाली एक पाय लांब आणि एक आखूड. कुबड्या कोपऱ्यात, त्यांच्यावर धुतलेला शर्ट वाळत घातलेला, म्हणजे त्या वापरात नव्हत्या. मला बघून तो उठून बसायला लागला. सवय. "बसा साहेब," तो म्हणाला, गरजेपेक्षा मोठ्यानं. मग बायकोकडे न बघता, "साहेबांना बसायला दे." तिनं स्टूल पायानं पुढे सरकवलं. त्याच्याशी ती बोलत नव्हती हे मला ओळखू आलं. शांत घराचा मला अनुभव आहे.

"मला तुमचे कान परत तपासायचेत," मी म्हणालो.

त्यानं माझ्या तोंडाकडे बघत ते वाचलं. "आता? आता काय उपयोग? तुम्ही सांगितलंत ना, उत्तम म्हणून."

"यांनी घंटा ऐकली नाही म्हणतात," बायको मागून म्हणाली, मला, त्याच्या डोक्यावरून. "सगळ्या शेडनं ऐकली. यांनी नाही. त्या बिचाऱ्या क्रेनवाल्याच्या बायकोनं माझ्याशी बोलणं टाकलं. मी म्हटलं, घेतली असेल तर घेतली म्हणा, मी काय फासावर देतेय? पण कबूल करायचं नाही. माझ्याशी खोटं बोललात तेव्हा संपलं, म्हटलं." हे सगळं त्याच्या मागे, वीतभर अंतरावर चाललं होतं आणि तो माझ्याकडे बघत होता, मी पुढे काय म्हणतो याची वाट बघत.

मी तिला सांगितलं, तपासणी तुम्ही घ्यायची. ती म्हणाली, मला काय येतंय त्यातलं. मी म्हटलं, मी शिकवतो. खिशातल्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर मी एकाखाली एक दहा ओळी लिहिल्या, आकडा-अक्षर-आकडा, आणि समोर दोन रकाने आखले, एक त्याचा, एक माझा. आधी सगळा श्वास सोडा, म्हटलं. पूर्ण. मग उरलेल्या वाऱ्यावर म्हणा, आवाज लावू नका, आणि म्हटल्यावर पेन्सिलीनं खूण करा. आमच्यापैकी कुणी बरोबर सांगितलं तर त्याच्या रकान्यात लिहा. मग मी स्टूल खाटेशी ओढलं, त्याला दंडाला धरून भिंतीकडे वळवलं, आणि त्याच्या शेजारी मीही भिंतीकडे तोंड करून बसलो. "तुम्हीपण?" तो म्हणाला. मी मान हलवली. भिंतीवर रंगाचे पोपडे आले होते. त्याच्या अंगाला मलमाचा वास येत होता, माझ्या हाताला स्पिरिटचा. आम्ही दोघं शिक्षा झालेल्या पोरांसारखे बसलो होतो.

मी वाट बघायला लागलो. ती अजून श्वास सोडत असेल. नवीन माणसाला वेळ लागतो. मलाही पहिल्या दिवशी लागला होता, गुरुजी म्हणाले होते, फुगा फोडायचा नाहीये, नुसता रिकामा करायचाय. पोपड्यांपैकी एक पडेल पडेल असा लोंबत होता. तिला आकडे वाचता येत असतील ना, असं मनात आलं, आणि विचारायला हवं होतं असं वाटलं. कदाचित लाजत असेल. नवऱ्याशी पाच महिने बोलली नाही आणि आता त्याच्या कानाशी कुजबुजायचं. हुकवाला गुडघ्यावर, जो होता त्यावर, बोटं वाजवत होता. "सुरू कर की," तो म्हणाला.

मी वळून बघितलं. ती आमच्या मागे हातभर अंतरावर उभी होती. हातात कागद, दहाच्या दहा ओळींपुढे पेन्सिलीच्या खुणा, दोन्ही रकाने कोरे. ती नवऱ्याच्या मानेकडे बघत होती, माझ्याकडे नाही. मी बघतोय हे कळल्यावर तिनं कागद पुढे केला, आणि मी न घेतल्यामुळे तसाच धरून राहिली. "दोनदा म्हटले," ती म्हणाली. "मला वाटलं, माझंच चुकतंय."

"सुरू कर म्हणतोय ना," हुकवाला भिंतीला म्हणाला.

ती खाटेला वळसा घालून त्याच्या समोर गेली, भिंत आणि तो यांच्यामध्ये जेमतेम जागा होती तिथे, आणि गुडघ्यांवर बसली, त्याला तिचं तोंड दिसेल अशी. "झालं," ती म्हणाली. "सगळं म्हणून झालं. तुम्हाला ऐकू आलं नाही." तो तिच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मी म्हणालो, घंटा वाजली होती. तुम्ही खोटं बोलला नाहीत, आणि क्रेनवालाही बोलला नाही. तुम्हाला तेव्हाही ऐकू येत नव्हतं, आणि मला कळलं नाही, कारण मलाही येत नव्हतं.

समजायला त्याला वेळ लागला. किंवा लगेच समजलं आणि बोलायला वेळ लागला. "म्हणजे त्यानं वाजवली," तो म्हणाला. "मी त्याच्या पोरांना शाप दिला." बायकोनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, तो त्यानं झटकला नाही, घेतलाही नाही. मग तो माझ्याकडे वळला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला साहेब म्हणाला नाही. "मी मागितलं होतं. खोलीत बसवा म्हटलं होतं."

"हो."

"रांग होती म्हणून नाही बसवलंत."

"हो."

मला वाटलं, तो मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं फक्त बायकोच्या हातातला कागद घेतला, उलटा केला आणि माझ्या घसरत गेलेल्या दोन रेघा बघत बसला, त्यातलं काही कळत नसणार, तरी बघत बसला. मी म्हणालो, मी सगळं लिहून देतो, उद्या सकाळी टेबलामागच्या तिघांना नेऊन देतो, फळ्यावरचा तो कागद काढायला लावतो. तो मान हलवत होता, नाही, नाही. "लिहिलेलं कोण वाचतंय? माझ्यावर लिहिलेलं सगळ्यांनी वाचलं ते वाचायला लावलं म्हणून. तुम्ही शेडमध्ये या. सकाळी, भोंगा व्हायच्या आधी, सगळे असतात तेव्हा. तो वर चढायच्या आधी. त्याच्या समोर उभं राहून सांगा."

मी मान डोलावली. त्याला ते पुरलं नाही.

"तोंडानं सांगा."

"हो," मी म्हणालो. किती मोठ्यानं म्हणालो ते मला कळलं नाही. पण त्याची बायको दचकली आणि शेजारच्या खिडकीत कुणीतरी डोकावलं.

"असं," तो म्हणाला. "एवढ्या आवाजात."